पाच मिनिटं, चोक आणि ‘अर्धवट ज्ञान’

नमस्कार. ‘थंडीतली गाडी आणि कडक गिअर’ या लेखावरची तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली. सोमवारी कामावर पोहोचेपर्यंत ती डोक्यातून गेली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

बाकीच्यांसाठी आधी सांगतो: लेखात मी म्हटलं होतं की थंडीत इंजिन गार असतं म्हणून गिअर कडक पडतो, तेव्हा निघण्याआधी पाच मिनिटं गाडी तापवा. त्यावर तुमचं म्हणणं असं. सकाळी पाच मिनिटं गाडी उभी तापवणं ही पेट्रोलची नासाडी आहे. मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं नसतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना त्याची गरज नाही. क्लचच्या केबलबद्दल माझ्या लेखात अवाक्षर नाही. आणि शेवटी हे वाक्य: “गिअर कडक पडतो तो इंजिन थंड असतं म्हणून नाही काका, तुम्हाला क्लच धरता येत नाही म्हणून. अर्धवट ज्ञान वाटत फिरू नका.”

काका म्हणालात त्याला हरकत नाही, वय एक्कावन्न आहे. पण ज्याला काका म्हणायचं त्यालाच पुढच्या शब्दात ‘तुम्हाला क्लच धरता येत नाही’ म्हणायचं, ही कुठली रीत? मी नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा. दहावीनंतर दोन उन्हाळे एका गॅरेजमध्ये काढले, रॉकेलच्या तसराळ्यात क्लचप्लेटा धुतल्या. त्यानंतर गेली अठ्ठावीस वर्षं नाशिकच्या सातपूरला कंपनीत पहिल्या पाळीला जातोय, चाळीसेक किलोमीटर, बहुतेक दिवस मोटरसायकलवर. साडेपाचला घर सोडतो. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पारा पाच अंशांच्या खाली जातो, द्राक्षबागांत लोक रात्रभर शेकोट्या पेटवून घड जपतात. तुम्ही कुठे राहता ते तुम्ही लिहिलेलं नाही. मुंबईत राहत असाल तर ही सकाळ तुम्ही पाहिलेलीच नाही.

आता क्लच धरण्याबद्दल. आमच्या ओट्यापुढे तुळशीवृंदावन आहे, त्याच्या एका कोपऱ्याचा सिमेंटचा टवका उडालेला आहे. तो माझ्या दीडशे सीसीच्या गाडीने उडवला. जानेवारीची पहाट, उशीर झालेला. किक मारली, चोक (गार इंजिनला जादा पेट्रोल मिळावं म्हणून ओढायचा खटका) ओढलेला, गाडी पकडते न पकडते तोच क्लच पूर्ण दाबला, अगदी लिव्हर मुठीला टेकेपर्यंत, आणि पहिला गिअर टाकला. खट्टकन आवाज आला, गाडीने हातभर उडी घेतली, पुढचं चाक वृंदावनावर गेलं आणि गाडी बंद पडली. बायको पणती विझू नये म्हणून पदर धरून उभी होती, ती दोन पावलं मागे सरली म्हणून वाचली. क्लच तेव्हाही माझ्या मुठीतच होता. हाताचा दोष असता तर तीच गाडी, तोच हात, दुपारी तीनला कंपनीच्या गेटवर लोण्यातून सुरी जावी तसा पहिला कसा घेते?

कारण साधं आहे आणि ते मी लेखात लिहिलं होतं. आपल्या बहुतेक गाड्यांचा क्लच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या-सोडवणाऱ्या प्लेटांची चवड, इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो. रात्रभर गाडी उभी राहिली की प्लेटांमधलं तेल थंडीने दाट होतं आणि प्लेटा एकमेकींना धरून बसतात. तुम्ही लिव्हर दाबता, पण प्लेटा पुऱ्या सुटत नाहीत, इंजिन गिअरबॉक्सला थोडं ओढतच राहतं. अशात पहिला टाकला की आतले दात फिरत्या अवस्थेत एकमेकांवर आदळतात. त्यात चोकमुळे इंजिनचे फेरे वाढलेले, म्हणजे दणका आणखी मोठा. तुम्हीही ‘प्लेटा चिकटतात’ असं लिहिलंय. मग थंडीने चिकटतात हे मी म्हणालो तर ते अर्धवट ज्ञान कसं झालं?

वृंदावनाच्या त्या दिवसापासून माझी एक सवय आहे. किल्ली न लावता गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घालायची, क्लच दाबून पुढे-मागे ढकलायची. पहिल्यांदा चाक जड जातं, चार-पाच वेळा केलं की आत काहीतरी सुटल्यासारखं जाणवतं आणि गाडी हलकी पळते. मग न्यूट्रल करून किक. हे मला कुणी मॅन्युअल वाचून दाखवलं नाही, गॅरेजातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी हाताला धरून दाखवलं होतं, आणि मी ते विसरलो होतो. मूळ लेखात हे राहून गेलं.

एक चूक मात्र मान्य, उगाच नाही म्हणणार नाही. तेलाच्या डब्यावरच्या ‘२० डब्ल्यू ४०’ मधला डब्ल्यू म्हणजे ‘वेट’, वजन, असं मी लिहिलं होतं. ते चूक आहे. डब्ल्यू म्हणजे ‘विंटर’, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं तेल थंडीत पातळ राहतं, म्हणून दहाचं तेल पहाटे वीसच्या तेलापेक्षा लवकर धावतं. लेखात दुरुस्ती केली आहे. तुम्ही दाखवलंत, आभार.

राहिला पाच मिनिटांचा मुद्दा. अहो, ‘पाच मिनिटं’ म्हणजे कुणी घड्याळ लावून बसत नाही. ‘पाच मिनिटं थांब, आलोच’ म्हणतो तसं ते आहे. मी स्वतः हेल्मेट घालेपर्यंत, हातमोजे चढवेपर्यंत गाडी चालू ठेवतो. मग सिलिंडरच्या फिनला, म्हणजे बाहेरच्या पातळ पट्ट्यांना, बोट लावून बघतो, कोमट लागली की चोक आत. अर्धा तास चोक ओढून ठेवा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. तसं केलं तर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं, प्लग काळा पडतो, हे मलाही ठाऊक आहे. पण गार इंजिनला एकदम पिळणंही बरं नव्हे. पिस्टन ॲल्युमिनियमचा, आणि बऱ्याच गाड्यांत तो बिडाच्या स्लीव्हमध्ये, म्हणजे नळीत, चालतो. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. त्या दोघांना जुळायला थोडा वेळ द्यावा लागतो. निघाल्यावर पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवा, हे माझंही म्हणणं आहे. मग भांडण कशावर आहे?

इंजेक्शनच्या गाड्यांचं म्हणाल तर १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आले, तेव्हापासून घेतलेल्या गाड्यांना चोकची भानगड बहुतेक नाहीच, संगणक आपला आपण मिश्रण सांभाळतो. मी जुन्या, कार्ब्युरेटरवाल्या गाडीबद्दल लिहीत होतो आणि पहिल्याच परिच्छेदात तसं म्हटलं होतं. तो परिच्छेद तुम्ही वाचला असता तर निम्मी प्रतिक्रिया लिहावीच लागली नसती.

केबलच्या ढिलेपणावर वेगळा लेख लिहीन. तो विषय इथे नव्हता.

माझ्या लेखातल्या चुका दाखवा, रोज दाखवा. पण गेल्या आठवड्यात एका मुलाने मला लिहिलं की त्याने पहिल्यांदाच स्वतःच्या गाडीचं तेल बघितलं, माझा लेख वाचून. तुमचं ‘अर्धवट ज्ञान’ वाचून तो पुन्हा झाकण उघडेल का, याची मला काळजी वाटते, माझ्या मानापेक्षा जास्त. पुढच्या वेळी नाव लिहा, गाडी कुठली आणि किती सालची ते लिहा, आणि पहाटे ती कुठे उभी असते तेही.