प्रागचे गणिती धर्मगुरू आणि आपल्याकडचा एक वाद

प्रागच्या मुख्य रेल्वे स्थानकाजवळ बोल्झानोवा नावाचा रस्ता आहे. ज्यांच्या नावाचा हा रस्ता, ते बर्नार्ड बोल्झानो कॅथलिक धर्मगुरू होते, हे मला इथे राहायला आल्यावरही बऱ्याच उशिरा कळले. महाविद्यालयात बोल्झानो-वायरस्ट्रास प्रमेय शिकताना त्या जोडनावातला पहिला माणूस कोण, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते.

आता ते वारंवार आठवतात ते मायदेशातल्या वादांमुळे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या ख्रिस्ती धर्मगुरू असण्यावरून काही मंडळींनी विरोध केला. त्यांनी केलेले 'सुवार्ता' मासिकाचे संपादन, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी दिलेला लढा, हे सारे मागे पडले आणि पुढे राहिला तो झगा. माझे काही विवेकवादी मित्र, ज्यांच्याशी माझे बहुतेक बाबतींत पटते, उलट दिशेने निघून त्याच ठिकाणी पोहोचतात: ज्याने आयुष्य श्रद्धेला वाहिले, त्याच्याकडून कठोर तर्काची अपेक्षा कशी करायची, असे ते विचारतात. मला दोन्ही भूमिका अन्यायाच्या वाटतात.

बोल्झानो 1781 मध्ये प्रागमध्येच जन्मले. 1805 मध्ये त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली आणि त्याच वर्षी ते विद्यापीठात धर्मविषयक अध्यापन करू लागले. 1817 मध्ये त्यांनी एक छोटी पुस्तिका छापली. शून्याखालून निघून शून्याच्या वर जाणारी अखंड रेषा वाटेत कुठेतरी शून्याला छेदणारच, हे कोणालाही आकृतीत दिसते. परंतु डोळ्यांना दिसते म्हणून ते सिद्ध झाले, हे त्यांना मान्य नव्हते. आकृती, गती, काळ यांपैकी कशाचाही आधार न घेता, निव्वळ संख्यांच्या गुणधर्मांवरून ते सिद्ध झाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता आणि पुस्तिकेत त्यांनी तशी सिद्धता मांडली. पुढे सुमारे 1830 मध्ये त्यांनी अशी एक अखंड वक्ररेषा रचली, की जिला कुठल्याही बिंदूपाशी स्पर्शिका काढता येत नाही. (त्यांनी स्वतः सिद्ध केले ते याहून थोडे कमी होते; उरलेले नंतरच्यांनी पुरे केले.)

रूढ म्हणून काहीही न मानण्याची हीच शिस्त त्यांच्या प्रवचनांत होती. युद्ध हा अविवेक आहे, माणसे समान आहेत, आणि कृतीचे मोल सर्वांच्या हितावरून ठरते, असे ते विद्यार्थ्यांना सांगत. 1819 मध्ये सम्राट फ्रान्सिस यांनी त्यांना बडतर्फ केले. त्यांच्यावर प्रकाशनबंदी आली, चर्चची चौकशी काही वर्षे चालली, पण त्यांनी मते मागे घेतली नाहीत. दक्षिण बोहेमियातल्या एका स्नेही कुटुंबाने त्यांना आसरा दिला. तर्कशास्त्रावरचा त्यांचा चार खंडांचा ग्रंथ 1837 मध्ये बव्हेरियात छापावा लागला, आणि ती वक्ररेषा विसाव्या शतकापर्यंत हस्तलिखितात पडून राहिली.

म्हणूनच 'तिकडे विद्वत्तेची कदर आहे' असे घरचे म्हणतात, तेव्हा मला लगेच होकार देता येत नाही. आज ज्यांच्या नावाची पाटी इथे लावलेली आहे, त्यांचे तोंड याच शहरात बंद केले गेले होते. मात्र कोणताही धर्म न मानणारी माझी चेक सहकारी बोल्झानोंबद्दल अभिमानाने बोलते, आणि तसे बोलताना त्यांच्यातला धर्मगुरू वजा करण्याची गरज तिला भासत नाही, ही गोष्ट मला घ्यावीशी वाटते.

पुरावा मागणाऱ्या मित्रांची मागणी योग्यच आहे. तिथे बोल्झानो त्यांच्याच बाजूचे आहेत. शिवाय 1817 च्या त्या सिद्धतेत खरोखरच एक उणीव होती. ती ज्यांच्यावर उभी होती त्या वास्तव संख्यांची, म्हणजे संख्यारेषेवरच्या सर्व संख्यांची, पक्की व्याख्या तेव्हा झालेली नव्हती आणि ती 1872 च्या सुमारास झाली. ही उणीव सापडली ती सिद्धतेची एकेक पायरी तपासणाऱ्यांना. दिब्रिटो 2024 मध्ये गेले. त्यांच्या लेखनालाही असाच, पान उघडून आणि वाक्यावर बोट ठेवून केलेला विरोध मिळाला असता, तर मी तो आनंदाने वाचला असता.