फोन विकला जातो, हे खरे. पण म्हणून हा मार्गच सोडावा का?

महोदय,

आपली प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. सुईने नशा करणाऱ्या एचआयव्हीबाधितांना मोबाइलवरून गोळीची आठवण करून देणे व्यर्थ आहे, कारण तलफ अनावर झाली की ते फोनच विकतात आणि औषध घेण्याची त्यांची इच्छाच नसते, असे आपण लिहिले आहे. फोन विकले जातात हे मला मान्य आहे. इच्छाच नसते, हे मात्र मुळीच मान्य नाही.

नुसती आठवण पुरत नाही, हे भारतातच दिसून आले आहे. दक्षिण भारतातील ६३१ रुग्णांच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दर आठवड्याला यंत्राकरवी फोन आणि चित्रसंदेश जात असत. तरीही उपचार निष्फळ ठरण्याचे प्रमाण घटले नाही. केनियात मात्र ५३८ रुग्णांच्या चाचणीत (२०१०) आठवड्यातून एकदा फक्त ‘कसे आहात?’ एवढाच संदेश जाई, आणि ‘अडचण आहे’ असे उत्तर आले किंवा दोन दिवसांत उत्तरच आले नाही, तर दवाखान्यातून फोन केला जाई. तेथे ५७ टक्के रुग्णांमध्ये विषाणू नियंत्रणात आला. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ४८ टक्के होते. दोन्ही चाचण्या सर्वसाधारण रुग्णांच्या होत्या आणि त्यांची थेट तुलना करता येणार नाही, पण उत्तराची वाट पाहणारे माणूस पलीकडे असण्याला मी महत्त्व देतो ते यामुळेच. शिवाय त्या संदेशात आजाराचा वा औषधाचा उल्लेख नव्हता, त्यामुळे फोन दुसऱ्याच्या हाती गेला तरी गुपित उघड होत नसे.

नशा करणाऱ्याची गोळी बहुधा विसरण्यामुळे चुकत नाही. नशा न मिळाल्याने होणाऱ्या अंगदुखी आणि उलट्यांनी तो अंथरुणाला खिळलेला असतो, कोठडीत असतो, किंवा एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रात सर्वांदेखत होणाऱ्या अपमानाला भीत असतो. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ नुसार अमली पदार्थाचे सेवन हाच गुन्हा असल्याने ही भीती निराधारही नाही.

म्हणूनच मी फोनला ओएसटी केंद्राची, म्हणजे नशेच्या पदार्थाऐवजी देखरेखीखाली पर्यायी औषध देणाऱ्या केंद्राची, जोड मागतो. ब्युप्रेनॉर्फिन या पर्यायी औषधाची गोळी परिचारिकेसमोर जिभेखाली ठेवण्यासाठी माणूस तेथे सहसा रोज येतो. एआरटीची गोळीही त्याच वेळी देता येते, आणि एआरटीतील डोल्युटेग्राविर या औषधाचा ब्युप्रेनॉर्फिनशी अडचणीचा संयोग होत नाही. ज्या दिवशी तो येणार नाही, त्याच दिवशी त्याच्याच वस्तीतील, कधीकाळी स्वतः नशा केलेल्या कार्यकर्त्याने त्याला फोन करावा. फोन विकलेला असेल, तर त्याने आधी संमती देऊन सांगितलेल्या ठिकाणी जाऊन त्याला भेटावे. यासाठी ॲपची गरज नाही. मणिपूरमध्ये सुईने होणाऱ्या नशेचा प्रश्न किती जुना आहे हे आपण जाणता. तेथे ३ मे २०२३ पासून मोबाइल इंटरनेट कित्येक महिने बंद होते, आणि इंटरनेटवर विसंबलेली कोणतीही योजना अशा वेळी कोलमडते.

गोपनीयतेबद्दलची आपली शंका रास्त आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने व्यक्तीच्या संमतीशिवाय तिची स्थिती उघड करण्यास मनाई केली आहे, त्यामुळे कोणाला कधी फोन केला याची नोंदही त्याच काटेकोरपणे जपली पाहिजे. राहिला खर्चाचा मुद्दा. निधी अपुरा असेल, तर तो आधी फोन करणाऱ्या कार्यकर्त्याच्या नियमित मानधनासाठी राखून ठेवावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.