इन्व्हर्टरचा हिरवा दिवा पुरेसा नाही

दावा असा फिरतो आहे: 'सोलर पॅनेलला हलणारे भाग नसतात, कारखान्यात चाचणी झालेली असते, 25 वर्षांची वॉरंटी असते. इन्व्हर्टरवर (पॅनेलच्या डीसी विजेची एसी करणाऱ्या यंत्रावर) हिरवा दिवा दिसला की तपासणीवर खर्च कशाला?'

हलणारे भाग नाहीत, हे खरं. पण पॅनेल रोज तापतं आणि थंड होतं, त्यातून सोल्डरचे सांधे हळूहळू कमकुवत होतात. कारखान्यातली फ्लॅश टेस्टही (क्षणभर कृत्रिम प्रकाश टाकून केलेली क्षमतेची चाचणी) खरी, पण वाहतुकीत बसलेला धक्का किंवा बसवताना पॅनेलवर पडलेला पाय तिच्यानंतरचा असतो. त्याने सेलला गेलेले बारीक तडे डोळ्यांना दिसत नाहीत.

सगळ्यात फसवा तो हिरवा दिवा. प्रत्येकी 40 व्होल्टची दहा पॅनेल एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या साखळीत असतील, तर पॅनेल 25 अंश सेल्सिअसला असताना ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे लोड न जोडता मोजलेलं व्होल्टेज, 400 यायला हवं. दर अंशाला साधारण 0.3 टक्के घट धरली, तर 60 अंशांना ते 358 च्या आसपास येतं. तीन बायपास डायोडच्या (अडलेल्या सेलच्या गटाला वगळून करंट पुढे नेणाऱ्या भागांच्या) पॅनेलमध्ये एक डायोड शॉर्ट झाला की आणखी 12 व्होल्ट जातात. इन्व्हर्टर चालूच राहतो, दिवा हिरवाच. म्हणून सारख्याच स्ट्रिंग एकाच उन्हात, लागोपाठ मोजून एकमेकींशी ताडून बघायच्या.

दवाच्या सकाळी इन्सुलेशनची, म्हणजे वीज बाहेर गळू न देणाऱ्या आवरणाची, तक्रार करणारा इन्व्हर्टर दुपारी आपोआप सुरू झाला, तर दोष गेलेला नसतो, फक्त वाळलेला असतो. इन्व्हर्टर आणि सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून वाचवणारं उपकरण) वेगळे करून, 120 ते 500 व्होल्टच्या सिस्टिमला 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) किमान 1 मेगाओहम मिळायला हवा. ओलसर असतानाच मोजा, तेव्हाच दोष सापडतो.

कनेक्टर ही आगीची नेहमीची जागा. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर जोडले किंवा क्रिम्प (वायरवर दाबून बसवलेला धातूचा जोड) सैल राहिला, की सांधा तापतो, आणि डीसीची ठिणगी एसीसारखी शून्यावर येऊन विझत नाही. थर्मल कॅमेऱ्याने बघायचं ते सिस्टिम चालू असताना, किमान 600 वॉट प्रति चौरस मीटर ऊन असताना. कनेक्टर उघडायचा असेल तर आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडची वीज तोडणारा स्विच) बंद, मग वायरभोवती लावायच्या क्लॅम्प मीटरवर करंट शून्य असल्याची खात्री. हे काम प्रशिक्षित माणसाचंच.

राहिली वॉरंटी. 25 वर्षांचा आकडा बहुतेकदा पॅनेलच्या उत्पादनक्षमतेचा असतो. वायरिंग आणि कनेक्टर त्यात नसतात. दाव्याला पुरावा लागतो, म्हणून सिस्टिम सुरू होते त्याच दिवशी प्रत्येक स्ट्रिंगचा आयव्ही कर्व्ह (करंट आणि व्होल्टेज यांचा आलेख), त्या वेळचं ऊन आणि पॅनेलचं तापमान यांची नोंद करून घ्या.