काउंटरमागचं स्टूल

परवा पुण्यात एका मोठ्या कपड्याच्या दुकानात गेले होते, भाचीच्या साखरपुड्याची साडी बघायला. काउंटरमागे एक मुलगी उभी, बावीस-तेवीसची असेल, आणि सारखी पाय बदलत होती, या पायावरचा भार त्या पायावर, मधेच चपलेतून टाच बाहेर काढून खालच्या फळीला टेकवायची. साड्या दाखवत होती पण जीव नव्हता त्यात. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाई मिस्टरांना म्हणाल्या, "काय आळशी मुली ठेवतात, दोन दाखवल्या की तोंड पाडून उभी." मला इतकं लागलं ते, की घरी येईपर्यंत डोक्यातून गेलं नाही. कारण ते पाय बदलणं मला चांगलं माहितीय, मी स्वतः सहा वर्षं साडीच्या काउंटरला उभी होते. म्हणून हे लिहितेय, पोस्ट मोठी होणार आहे, सवडीने वाचा.

2006 साली बारावी झाल्यावर मी एका दुकानात लागले, नाव नको. सकाळी साडेनऊला हजर, रात्री साडेनऊला सुट्टी, लग्नसराईत आणि दिवाळीत त्याहून उशीर. पगार 2800 रुपये. बसायचं नाही हा नियम कुठे लिहिलेला नव्हता पण पहिल्याच दिवशी शेजारच्या काउंटरच्या ताईने कानात सांगितला. दुकानात एक गिऱ्हाईक नसलं तरी उभंच राहायचं. शेठ म्हणायचे, रस्त्यावरून जाणाऱ्याला बसलेला स्टाफ दिसला की त्याला वाटतं दुकान चालत नाही. दुपारच्या डब्याची वीस मिनिटं, तेवढंच काय ते बूड टेकायचं, ते पण जिन्याच्या पायरीवर. संध्याकाळी सातनंतर पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या, घरी गेलं की आई गरम पाण्याची बादली तयार ठेवायची. आमच्यातल्या दोघींच्या पायाच्या शिरा तिशीच्या आत फुगून निळ्या झाल्या होत्या.

आता हे सगळं सोसणं आमचं, गिऱ्हाइकाला त्याचं काय, असं वाटेल. तर ऐका, मी आजपर्यंत हे कोणाला सांगितलेलं नाही.

मे महिन्यातली गोष्ट, रात्रीचे साडेआठ झालेले, भोरकडची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला आली. आठ-नऊ जण, मुलीची आई, आत्या, मामी, सगळ्या. आहेराच्या साड्या झाल्या, मानाच्या झाल्या, आणि मग मुलीच्या आईने स्वतःसाठी आमसुली रंगाची नारायणपेठ मागितली. साधी बाई, हातात कापडी पिशवी, तासभर सगळ्यांचं बघून झाल्यावर शेवटी स्वतःचं काढलं तिने. आमसुली नारायणपेठ आमच्याकडे होती. सगळ्यात वरच्या खणात होती, शिडी लावून चढायचं, अख्खा गठ्ठा उतरवायचा, दाखवायचा, परत घड्या घालून वर चढवायचा. आणि मी म्हणाले, "मावशी, तो रंग संपला." एवढं बोलले आणि झालं. त्यांनी हिरवी घेतली, हसून घेतली, पण मला तो चेहरा अजून आठवतो, मनातली गोष्ट मिळाली नाही की माणूस हसतो ना तसा. माझ्या पायांनी मला खोटं बोलायला लावलं. शेठला कधी कळलंच नाही की त्याच्या दुकानात रोज रात्री आठनंतर वरचे दोन खण बंद असतात. मी एकटीच नव्हते, सगळ्याच असं करायच्या, कोणी ठरवून नाही, आपोआप.

दुसरं त्याहून वाईट होतं. साडीला डाग पडला, काठाचा धागा ओढला गेला, तर ज्याच्या काउंटरला ती सापडेल त्याच्या पगारातून कापून घ्यायचे. 2800 मधून 900 ची साडी कापली तर राहतं काय? म्हणून मग घडी अशी घालायची की ओढलेला धागा आतल्या बाजूला जाईल आणि वरून पदर सुंदर दिसेल. ही घडी घालायला मला जुन्या स्टाफने शिकवलं, प्रेमाने शिकवलं, मी मार खाऊ नये म्हणून. ती साडी कोणाच्या तरी घरी जायची. चार दिवसांनी ती बाई चिडून परत यायची, मागे भिंतीवर बोर्ड, विकलेला माल परत घेतला जाणार नाही, मग वादावादी, आम्ही खाली मान घालून उभ्या. शेठ आम्हाला म्हणायचे, गिऱ्हाइकाशी गोड बोलायला शिका. एकदा बाहेरून एक सर पण आणले होते दोन तास लेक्चर द्यायला, स्माईल कशी द्यायची, नमस्कार कसा करायचा. ते लेक्चर पण आम्ही उभ्यानेच ऐकलं.

लग्न होऊन मी साताऱ्याला आले आणि वर्षभराने तिथल्या एका छोट्या दुकानात लागले. मालकांना सगळे काका म्हणायचे, गल्ल्यावर काकू. पहिल्या दिवशी मी काउंटरला ताठ उभी, अकरा वाजले, दुकानात कोणी नाही, काकू म्हणाल्या, "अगं बस की, खांब हाय व्हय तू?" काउंटरमागे चार स्टूल होते, लाकडी, वर जुन्या साडीची गोधडी शिवून टाकलेली. मी बसले आणि खरंच सांगते, डोळ्यात पाणी आलं, आणि दुपारपर्यंत भीती वाटत होती की आता कोणीतरी ओरडेल.

काका काही फार पैसेवाले नव्हते, पगार पुण्यापेक्षा कमीच होता. पण खराब पीस निघाला की तो काकूंच्या खुर्चीखालच्या खोक्यात टाकायचा, कोणाच्या हातून झालं हे कोणी विचारायचं नाही. व्यापाऱ्याकडची चूक असली तर त्याला परत, नाहीतर दिवाळीनंतर कमी किमतीत, डाग कुठे आहे ते दाखवून विकायची. आणि बदलून द्यायचं आमच्या हातात. काका म्हणायचे, आठ दिवसात आली, फॉल लावलेला नसला, बिल असलं की देऊन टाक, मला हाक मारू नको. सुरुवातीला मी तरी विचारायचे, तर म्हणायचे तुला दिसत नाही का साडी, मग? त्या "मग?" मुळे मी आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघून बोलायला लागले. तोपर्यंत मी त्यांच्या हाताकडे बघायचे, साडी टाकली की घेतली एवढंच.

कोरेगाव, मेढा, वाईहून बायका यायच्या आणि दारातूनच विचारायच्या अमकी आहे का कामाला आज. एखादीच्या अंगावर कुठला रंग खुलतो हे आम्हाला पाठ असायचं. नको असलेली साडी गळ्यात मारायची गरजच नव्हती कारण कोणी रिकाम्या हाताने गेलं तर आम्हाला जाब विचारणारं कोणी नव्हतं. पुण्याच्या दुकानात गिऱ्हाईक रिकामं गेलं की काउंटरवाल्याला गल्ल्यापाशी बोलावून सगळ्यांसमोर झापायचे, मग आम्ही काय करणार, काहीही सांगून गळ्यात मारायचो.

मला मग 2018 ला पेपरात केरळची बातमी दिसली आणि मी ती कापून ठेवली. कोझिकोडच्या मिठाई तेरू नावाच्या बाजारातल्या दुकानांमध्ये काम करणाऱ्या बायका, त्यांना दिवसभर बसू द्यायचे नाहीत, लघवीला जायची पण सोय नाही, म्हणून त्या पाणीच प्यायच्या नाहीत. पी. विजी नावाच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी त्यांना एकत्र केलं, पेणकूट्टू नावाची संघटना काढली, आधी संडाससाठी भांडल्या आणि मग बसण्यासाठी. बसण्यासाठी लढा! आणि जिंकल्या, 2018 मध्ये केरळ सरकारने दुकानांच्या कायद्यात बदल करून स्टाफला बसायची सोय सक्तीची केली. तमिळनाडूने 2021 ला तसाच कायदा केला. मी ते वाचून रडले होते, खोटं नाही सांगत. गंमत म्हणजे कारखान्यांसाठी हे 1948 च्या फॅक्टरी ॲक्टमध्येच आलं होतं, कलम 44, उभ्याने काम करणाऱ्याला मधे सवड मिळाली तर बसायची सोय हवी. म्हणजे यंत्रापुढच्या माणसाचे पाय दुखतात हे देशाला तेव्हाच कळलं होतं, काउंटरमागच्या बाईचे कळायला एवढा वेळ लागला.

आपल्याकडे तर नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 पासून गिरणी कामगारांच्या सुट्टीसाठी जीव काढला, 10 जून 1890 ला रविवारची सुट्टी मिळाली तेव्हा गिरणीमालकांना पण वाटलंच असेल की आता धंदा बुडणार. धंदा बुडाला नाही.

आणि मला सांगा, ही उभं राहायची पद्धत आपली आहे तरी का? लहानपणी आजीबरोबर जायचे त्या दुकानात पांढरी गादी असायची, तक्के असायचे, दाखवणारा मांडी घालून बसलेला, गिऱ्हाईक पण समोर बसलेलं, मधे साड्यांचा ढीग. कोणी कोणापुढे उभं नाही. आजी एक साडी घ्यायला दीड तास लावायची आणि तो माणूस मजेत बोलत दाखवत बसायचा, त्याला काय घाई, बसलेला होता तो. काचेचा काउंटर आला, एसी आला, गिऱ्हाइकाला खुर्ची आली आणि दाखवणारा तेवढा उभा राहिला.

दुकानदार मित्र म्हणतात स्टूल दिलं की पोरी मोबाईल बघत बसतात. बसतील की थोडा वेळ, गिऱ्हाईक नसताना. पण जी दुपारी बसलेली असते तीच रात्री साडेआठला शिडी चढते, हे मी दोन्ही दुकानांत माझ्या पायांवर बघितलंय. तुम्ही ट्रेनिंगवर, डेकोरेशनवर, सेल्फी पॉइंटवर लाखो घालवता, आणि आठशे रुपयाच्या स्टुलाला नाही म्हणता? पगारातून कापलेले ते 900 रुपये तुम्हाला मिळतात, पण ती साडी घेऊन गेलेली बाई परत येत नाही आणि चार जणींना सांगते, तो हिशोब कुठल्या वहीत लिहिता?

गेल्या दसऱ्याला मी स्वतःचं छोटं दुकान काढलं, ड्रेस मटेरियल आणि साड्या. दोन मुली कामाला आहेत. तीन स्टूल आणले, तिसरं माझं. धाकटी आधी दुसऱ्या दुकानात होती, तिकडून आलेली. मी दारातून आत आले की ती ताडकन उभी राहायची, कितीही सांगितलं तरी. चहा आणायला गेले, आले, उभी. बँकेतून आले, उभी. जवळजवळ महिना असा गेला, मी पण सांगायचं सोडून दिलं.

मागच्या बुधवारी रात्री नऊला मी आत आले तर ती स्टुलावर बसून फॉलच्या साड्या मोजत होती, उठली नाही, मान वर करून फक्त म्हणाली, "ताई, दूधवाला पैसे मागून गेला." तेवढ्यात एक आजी आल्या, जांभळ्या काठाची इरकल आहे का म्हणाल्या. शटर ओढायची वेळ झालेली. ती उठली, शिडी ओढली आणि म्हणाली, "बसा आजी, वरती आहे, काढते."