‘मिक्सरचे भांडे’ आणि माझा लॅपटॉप : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

वर्कस्टेशन (जड कामांसाठीच्या) लॅपटॉपची रॅम, म्हणजे चालू कामापुरती वापरली जाणारी स्मृती, वाढवल्यावर आलेल्या अडचणींविषयी मी लिहिले होते, त्यावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे : २०१९ च्या यंत्रावर खर्च करण्यापेक्षा मी डेस्कटॉप जुळवून घ्यायला हवा होता; २६६६ वेगाच्या रॅमशेजारी ३२०० वेगाची रॅम बसवणे हा अडाणीपणा होता; यंत्र मंदावले ते पुण्याच्या उन्हाळ्याने आणि वाळलेल्या थर्मल पेस्टने (प्रोसेसरची उष्णता बाहेर पोचवायला लावलेला लेप); आणि एकाच रविवारी तीन गोष्टी बदलल्यावर दोष कशात आहे हे ठरवण्याचा मला अधिकारच उरला नव्हता. शेवटी आपण लिहिलेत, “ताई, लॅपटॉप म्हणजे मिक्सर नव्हे, भांडे बदलले की झाले.” मिक्सरकडे मी परत येणारच आहे.

शेवटचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, म्हणून तो आधी घेते. त्या रविवारी मी १६ जीबीच्या दोन पट्ट्या वाढवून ३२ ची रॅम ६४ केली, जुन्या एसएसडीच्या (फायली साठवणाऱ्या डिस्कच्या) जागी नवी बसवली आणि यंत्र उघडलेच आहे तर म्हणून बायोसही (यंत्र सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून टाकले. सोमवारी सकाळी जमीनमोजणीच्या कामासाठी ड्रोनने काढलेल्या फोटोंची एकत्र जुळणी लावली, तर वीस मिनिटांत होणारे काम दुपारपर्यंत रेंगाळले आणि सॉफ्टवेअरच्या खिडकीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ झळकत राहिले. तीन बदलांपैकी पैसे सर्वांत जास्त रॅमवर खर्च झाले होते, म्हणून संशयही रॅमवरच गेला. तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने दोन्ही पट्ट्या स्वतःच्या यंत्रात घालून तासभर तपासल्या आणि माल चोख असल्याचे सांगितले. तरीही मी लेखात ‘रॅम सदोष निघाली’ असे ठोकून दिले. नंतर रॅम तपासणारे मेमटेस्ट रात्रभर चालवले, तेव्हा एकही चूक निघाली नाही. ते वाक्य मी लेखातून काढले आहे आणि दुकानात जाऊन तसे सांगूनही आले आहे. त्यांनी चहा दिला, आणि रॅमचे भाव तेव्हापासून किती चढले आहेत तेही ऐकवले.

वेगवेगळ्या वेगाच्या रॅमबद्दल मात्र आपला गैरसमज होतो आहे. रॅमच्या प्रत्येक पट्टीवर एक छोटी चिप असते आणि ती पट्टी कोणकोणत्या वेगाने चालू शकते याची नोंद तिच्यात असते. यंत्र सुरू होताना त्या नोंदी वाचल्या जातात आणि सगळ्यांना झेपेल असा वेग ठरवला जातो. माझ्या यंत्रातला इंटेलचा आय९-९८८०एच हा प्रोसेसर अधिकृतपणे डीडीआर४-२६६६ (डीडीआर४ हा रॅमचा प्रकार) पर्यंतच जातो, त्यामुळे चारही पट्ट्या ३२०० च्या घेतल्या असत्या तरी त्या २६६६ लाच चालल्या असत्या. दोन्ही प्रकारांना १.२ व्होल्टच लागतात. दुकानात ३२०० च्या पट्ट्या हाताशी होत्या आणि किमतीत म्हणावा असा फरक नव्हता, एवढेच त्या निवडीमागचे कारण. एसएसडीचेही तसेच आहे : पीसीआयई या जोडणीच्या चौथ्या पिढीची एसएसडी तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये सेकंदाला साधारण ३५०० एमबीवर अडते, पण चालते.

आता उष्णता. येथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण आपले निदान सर्वसाधारणपणे बरोबर असूनही या प्रकरणात चुकले आहे. या प्रोसेसरची तापमानाची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. यंत्र तापल्यामुळे मंदावते तेव्हा तापमान या मर्यादेला टेकलेले दिसते आणि वेग खालीवर हेलकावत राहतो, कारण प्रोसेसर थोडा वेग सोडतो, थोडा थंड होतो, पुन्हा वेग घेतो. मी एचडब्ल्यूइन्फो (यंत्राचे तापमान, वेग वगैरे दाखवणारे सॉफ्टवेअर) उघडून दोन्ही आकडे शेजारी ठेवले, तेव्हा तापमान ५४ अंश होते आणि वेग ०.७९ गिगाहर्ट्झ. मूळ वेग २.३ आणि कमाल वेग ४.८ असलेल्या प्रोसेसरवर पूर्ण भार असताना तो ०.७९ वर खिळून बसला होता आणि पंखेही जेमतेम कुजबुजत होते. ही लक्षणे तापलेल्या यंत्राची नव्हेत. वीज पुरणार नाही या समजुतीने हात आखडून बसलेल्या यंत्राची आहेत. मी अडॅप्टरची वायर उपसली आणि लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर आला, तर वेग तत्काळ वाढला.

येथे तुमचा मिक्सर कामाला येतो. त्याच्या तळाशी एक छोटे बटण असते; ओले खोबरे घट्ट वाटताना मोटरवर फार भार आला की ते उडते आणि मिक्सर बंद पडतो. गृहिणीला ते लगेच कळते. लॅपटॉप मात्र बंद न पडता निमूटपणे हळू चालू लागतो, आणि म्हणून दोष सापडायला तीन आठवडे लागतात. काही कंपन्यांच्या गोल तोंडाच्या अडॅप्टरमध्ये मधोमध सुईसारखी बारीक पिन असते. यंत्र चालवणारी वीज तिच्यातून येत नाही; हा अडॅप्टर किती वॅटचा आहे एवढी ओळख तिच्यामार्फत लॅपटॉपला पटते. ती ओळख पटली नाही, तर २४० वॅटचा अडॅप्टर जोडलेला असूनही लॅपटॉप त्याला अनोळखी धरतो, बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरचा वेग तळाला नेऊन ठेवतो.

वडिलांचे जुनी नाणी पाहायचे भिंग घेऊन मी अडॅप्टरच्या तोंडात पाहिले, तेव्हा ती पिन एका अंगाला झुकून आतल्या नळीला टेकलेली दिसली. रॅम बदलण्याच्या आदल्याच दिवशी मी भोरच्या बाजूच्या एका जमीनमोजणीवरून परतले होते आणि निघण्याच्या घाईत अडॅप्टर तसाच ट्रायपॉडखाली कोंबला होता. नवा अडॅप्टर आणल्यावर तीच फोटोंची जुळणी एकोणीस मिनिटांत झाली, तीही त्याच ‘सदोष’ रॅमवर.

म्हणजे एकेक गोष्ट बदलण्याचा आपला नियम मी पाळला असता, तरी चोर सापडला नसता. मी केलेल्या तिन्ही बदलांत तो नव्हताच. सापडला असता तो वाचण्याने. अडॅप्टरची क्षमता ओळखता येत नाही, अशी सूचना यंत्र रोज सकाळी सुरू होताना पडद्यावर दाखवत होते, आणि मी ती न वाचता रोज एंटर दाबत होते. हे लिहिताना संकोच वाटतो, पण तो मजकूर तिथे होता.

थर्मल पेस्टबद्दल आपण अगदीच चुकीचे नाही. अडॅप्टर बदलल्यावर यंत्र पूर्ण वेगाने धावू लागले, तेव्हा तापमान ९७ पर्यंत गेले. उघडले तर पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये धुळीचा घोंगडीसारखा थर बसला होता आणि पेस्ट खडूसारखी सुकली होती. दोन्ही साफ करून नवी पेस्ट लावल्यावर तेच काम ८६ अंशांवर होते. हा दोष खरा होता, पण वेगळा होता.

डेस्कटॉपचे उत्तर सोपे आहे. मोजणीच्या जागेवरून निघण्याआधी मी फोटो कमी तपशिलात जुळवून पाहते. कुठे भोक राहिले असेल तर तिथल्या तिथे पुन्हा उड्डाण करता येते, अन्यथा दुसऱ्या दिवशी पुन्हा घाट चढावा लागतो. डेस्कटॉप जीपमध्ये नेता येत नाही. शिवाय विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असला, तरी हा प्रोसेसर विंडोज ११ चालू शकणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत आहे, तेव्हा यंत्र एवढ्यात मोडीत काढण्याचे कारण दिसत नाही.

एक गोष्ट मूळ लेखात राहून गेली होती, ती भर घातली आहे : बिटलॉकर (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बायोस अद्ययावत करण्यापूर्वी तो तात्पुरता स्थगित करावा, नाहीतर पुढच्या वेळी यंत्र ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते, आणि ती की त्याच यंत्रात जपून ठेवलेली असली तर काय होते हे सांगायला नको.

आपलाही याच पिढीचा लॅपटॉप रोज दुपारी मंदावतो, असे आपण ओझरते लिहिले आहे आणि त्याचे खापरही उन्हाळ्यावर फोडले आहे. तो मंदावेल तेव्हा तापमान आणि वेग हे दोन आकडे एकाच वेळी टिपून घ्यावेत, मग अडॅप्टर काढून तेच आकडे पुन्हा टिपावेत, आणि चारही आकडे येथेच कळवावेत. ते पाहिल्यावर पुढचे बोलता येईल.