गाडी मावते, मूल मावत नाही

गाडी लावायला जागा मिळणे वेगळे आणि त्या गाडीतून दोन लहान मुले बाहेर काढायला जागा मिळणे वेगळे, हे सणासुदीला ठाण्याच्या राम मारुती रोडवर खरेदीला निघालेल्या कोणत्याही आईला सांगावे लागत नाही. सम-विषम तारखेची पाटी वाचून, टोइंगवाल्यांच्या धास्तीने मी हल्ली रस्त्याचा नाद सोडला आहे आणि आखलेल्या चौकटींच्या वाहनतळाकडेच वळते. पण खरी परीक्षा सुरू होते ती तिथेच.

बांधकामाच्या नियमावलीत एका मोटारीसाठी साधारण २.५ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब जागा धरलेली असते. आमची गाडी १.७४ मीटर रुंद आहे. ती अगदी मधोमध उभी केली, तर प्रत्येक बाजूला ३८ सेंटिमीटर उरतात. नियम करणाऱ्यांनी गाडी मोजली, हे उत्तमच झाले. तिचे दार उघडावे लागते आणि त्या दारातून कोणीतरी बाहेर येते, हे मात्र त्यांच्या ध्यानात आले नसावे. त्यात आमच्या वाट्याला येणाऱ्या चौकटीच्या एका बाजूला खांब असतो आणि दुसऱ्या बाजूला रेषेवर चाक ठेवून उभी असलेली कोणाची तरी अवाढव्य एसयूव्ही.

गाडी मागे घेताना वाहनतळावरचा माणूस ‘येऊ द्या ताई, येऊ द्या, येऊ द्या’ असे म्हणत राहतो आणि ‘बास’ हा शब्द नेमका मोबाइलवर बोलताना गिळतो. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे झाले, तेव्हा मला हायसे वाटले होते. परंतु आमच्या धाकटीने त्या सेन्सरचा आवाज हुबेहूब उचलला असून, भिंत जवळ आल्यावर गती वाढवायची हेही तिला कळले आहे. त्यामुळे पिप-पिप नक्की कोण करत आहे, याचा निवाडा मला आरशात तिचे ओठ पाहून करावा लागतो. थोरला ‘आई, मागे भिंत आहे’ ही माहिती पुरवतो, पण गाडी थांबल्यावर.

यानंतरचा भाग बालआसनाचा. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसनाशिवाय नेल्यास कायद्याने एक हजार रुपये दंड आहे, आणि तो योग्यच आहे. मात्र मुलाला आत बांधण्यासाठी जसा कायदा आहे, तसा बाहेर सोडवण्यासाठी नाही. चाइल्ड लॉकमुळे दार आतून उघडत नाही, म्हणून खांबाला पाठ घासत मागे जायचे, दार जेमतेम वीतभर उघडायचे, त्या फटीतून एक खांदा आणि एक हात आत घालायचा आणि बिस्किटाच्या चुऱ्याने घट्ट झालेले लाल बटण अंगठ्याने दाबत राहायचे. ते सुटले की मूल बाहेर येत नाही, कारण आता त्याच्या आणि दाराच्या मध्ये मीच अडकलेली असते. शेवटी मुले दोन सीटांच्या मधून पुढे येतात. वाटेत गिअरवर एक पाय आणि हॉर्नवर एक गुडघा पडतो आणि सगळा वाहनतळ आमच्याकडे वळून पाहतो.

या सगळ्यावर तोड पूर्वीच निघाली होती, हे आठवले की जीव हळहळतो. १९८४ साली आलेल्या आणि २०१९ मध्ये बंद झालेल्या मारुतीच्या व्हॅनला, म्हणजे ओम्नीला, सरकते दार होते. हिंदी चित्रपटांनी ती गाडी अपहरण करणाऱ्यांना बहाल केली. मूल झटकन आत ओढायला ती सोयीची, एवढेच त्यांनी पाहिले. ते तितक्याच झटकन बाहेरही काढता येते, हे आयांनी पाहायला हवे होते. ईकोला ते दार अजूनही आहे. तीच घेऊ या, असे मी घरी सुचवले, तेव्हा ‘अगं, लोक काय म्हणतील? शाळेची व्हॅन वाटेल’ असे उत्तर मिळाले. येत्या रविवारी मुलांना गाडीतून उतरवण्याची पाळी ह्यांची आहे. विषय मी सोमवारी पुन्हा काढणार आहे.