स्टोकर ऑटोमॅटिक आहे, राख नाही

आम्ही राहतो ईशान्य पेनसिल्व्हानियात, इथे जमिनीखाली अँथ्रासाइट कोळसा आहे आणि काही घरांच्या बेसमेंटमध्ये तो जाळून गरम पाण्याने घर उबदार ठेवणारे बॉयलर अजून चालू आहेत, त्यातलं एक घर आमचं. घर दाखवताना सांगितलं होतं की हा स्टोकर आहे, सगळं ऑटोमॅटिक, फावडं मारत बसायचं नाही. खोटं नव्हतं ते. हॉपरमध्ये, म्हणजे कोळशाच्या पेटीत, पाव इंचाच्या आसपासचा बारीक कोळसा ओतायचा, मोटर तो हळूहळू जाळीवर ढकलते, पंखा खालून हवा देतो, पाणी 180 डिग्री फॅरनहाइटला पोचलं की सगळं आपोआप थांबतं. जळून झालेली राख पुढच्या टोकावरून खाली पॅनमध्ये पडते आणि ऑटोमॅटिक तिथे संपतं.

कारण पॅन कोणीतरी उचलून रिकामा करायचा असतो. हॉपर मोठा आहे, कोळसा पुरतो, पण पॅन आधी भरतो आणि नाही काढला तर राख वर वर चढत थेट जाळीपर्यंत येते, मग निखारे जाणार कुठे. म्हणजे डॅलसला मेहुणीकडे किती दिवस राहायचं हे मेहुणी ठरवत नाही, बायको ठरवत नाही, बेसमेंटमधला एक पत्र्याचा डबा ठरवतो.

सोपं आहे की, थर्मोस्टॅट 70 वरून 55 वर आणून जायचं, असं सगळे सुचवतात. बरोबर, कोळसा कमी जळतो, राख कमी पडते. पण घराने उष्णता मागितलीच नाही तर विस्तव उपाशी मरतो, म्हणून एक टायमर असतो जो मधून मधून दोन घास कोळसा भरवतो. टायमर कमी ठेवला तर आग विझते, जास्त ठेवला तर कोणी नसलेलं घर मस्त उबदार आणि पॅन फुल्ल. यातला सुवर्णमध्य मला अजून सापडलेला नाही आणि सापडतो तेव्हा नेमकं बाहेरचं हवामान बदलतं. त्यात लाइट गेली तर विषयच संपला, पंखा बंद, फीड बंद. आणि अँथ्रासाइट काडेपेटीला अजिबात भीक घालत नाही, आधी लाकूडफाटा नाहीतर चारकोल चांगला पेटवायचा, त्याच्यावर जपून कोळसा, मग वाट बघा. तोपर्यंत पाइपातलं पाणी गोठलं तर प्लंबर.

चीड कशाची येते सांगू? याच राज्यात सेंट्रेलिया गाव आहे, तिथे 1962 साली खाणीला लागलेली आग अजून जमिनीखाली जळतेय. विझवायचे सगळे प्रयत्न करून झाले, शेवटी गाव उठवलं. तिकडे ना टायमर ना पंखा. आणि आमची, एवढे लाड करून, एका रात्रीत मान टाकते.

शेवटी उपाय एकच, शेजारचे आजोबा. त्यांच्याकडेही कोळशाचाच बॉयलर, त्यामुळे कसं करायचं ते सांगावं लागत नाही, उलट "तुझा टायमर चुकलाय" हे तेच सांगतात. मी तरी बेसमेंटमध्ये कॅमेरा लावलाय, पाण्याच्या टेंपरेचरच्या काट्याकडे तोंड करून. मेहुणीकडे जेवताना फोन ताटाशेजारी, काटा 160 च्या खाली आला की माझा घास अडकतो. साडूने एकदा विचारलं, घरी कोणी आजारी आहे का?

बरं आजोबा पैसे घेत नाहीत. राख तेवढी ठेवून घेतात, बर्फावर टाकायला, ड्राइव्हवेवर पाय घसरत नाही. व्यवहार मला फारच स्वस्त वाटत होता. परवा ते दारात आले, म्हणाले फेब्रुवारीत फ्लोरिडाला मुलीकडे जातोय, महिनाभर तरी. आणि त्यांचा पॅन आमच्यापेक्षा मोठा आहे. बायको आतून विचारतेय की आपली फेब्रुवारीची तिकिटं रिफंडेबल आहेत का.